अडतीस की अडतालीस

सुरतच्या लिंबायतमध्ये भिकन महाजन कुठे राहतो असं विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही. हेडवाला कुठे बसतो असं विचारा, मग चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे एकदम हात करतात. नवीन माणसाला वाटतं कुठल्या तरी कंपनीचा हेड असेल, एसीत बसत असेल. मग तो गल्लीत शिरतो आणि बघतो तर दहा बाय बाराची खोली, दारात स्टुलावर बावन्न वर्षांचा एक काटकुळा माणूस, अंगात भोकं पडलेलं बनियन, कानावर पेन्सिल, आणि समोर फळ्यांवर उताणं पडलेलं बिडाचं धूड, ज्याच्या पोटात हा डोकं खुपसून बसलाय.

ते धूड म्हणजे हेड. समजायला एकदम सोपं आहे. इंजिन म्हणजे ओळीत मांडलेली पातेली आणि हेड म्हणजे त्या सगळ्या पातेल्यांवरचं एकच जाड झाकण. झाकणाला आतून खळगे असतात, त्यात पेट्रोलची वाफ दाबली जाते, ठिणगी पडते, भडका उडतो, गाडी पळते. झाकण तडकलं की सगळा दम बाहेर. भिकन बावीस वर्षं फक्त झाकणं दुरुस्त करतोय. रिक्षाची, टेम्पोची, जीपची. लोक हेड आणतात, हेड घेऊन जातात. ते बसवल्यावर गाडी कशी चालली, कुठे गेली, ते याला कधी कळतच नाही. म्हणजे बघा, आयुष्यभर झाकणं घासली आणि वरण उकळताना एकदाही पाहिलं नाही.

त्याच्या आधीची बारा वर्षं पॉवरलूमवर गेली. पारोळ्याकडून अठराव्या वर्षी सुरतला आला आणि मामाने थेट लूमखात्यात उभा केला. शंभर लूम एकदम चालू, खटॅक खटॅक खटॅक, शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू येत नाही, आणि भिकन तिथे उभा राहून सांगायचा, तिसऱ्या लाईनीतला सातवा लूम आजारी आहे. मास्तर जाऊन बघायचा तर खरंच तिथे काहीतरी ढिलं झालेलं. असा कान. आणि त्याच लूमनी त्याचा डावा कान निम्मा खाऊन टाकला, हा भाग वेगळा.

एवढ्या वर्षांत तो गुजराती इतकं भारी शिकला की भावात घासाघीस गुजरातीत, शिवी गुजरातीत, भाजी गुजरातीत. फक्त आकडा आला की जीभ गपकन मराठीत उडी मारते. शाळेत पाढे मराठीत झाले ना, ते काही पुसत नाहीत. या आकड्यानेच पुढे सगळी धमाल केली.

तर झालं असं की अडाजणच्या ठाकोरभाईंचा निरोप आला. वय अठ्ठ्याहत्तर, ओसरीवर मोठ्ठा झोपाळा, आणि समोर शेडमध्ये वडिलांनी घेतलेली चोपन्न सालची अमेरिकन मोटर. कढीच्या रंगाची, गालफुगी, समोरून बघितलं तर रुसलेली आत्याच. पाणी पिते आणि गरम होते, हेड बघून घ्या, असा निरोप. भिकन त्याच्या स्कूटरवर गेला. ठाकोरभाईंनी बॉनेट उघडलं आणि हा बघतच राहिला. सहा सिलिंडर. एका ओळीत. लांबलचक, म्हणजे आपल्या रिक्षाच्या इंजिनासारखी सहा पोरं आत झोपवता येतील इतकं लांब.

चालू केल्यावर तर विषयच संपला. चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे चार माणसं भांडत जिना उतरतात तसं. हे मात्र झोपाळ्यासारखं. एकाचा धक्का संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू, मध्ये फटच नाही. भिकनने मडगार्डवर हात ठेवला, मग उजवा कान ठेवला, आणि डोळे मिटून घेतले. दोन मिनिटांनी इंजिन फटफटायला लागलं, वाफ आली, ठाकोरभाईंनी बंद केलं. पण ती दोन मिनिटं झाली होती ना. भिकनचं काम झालं होतं. बावन्नाव्या वर्षी माणूस एका इंजिनाच्या प्रेमात पडला आणि घरी जाऊन सांगणार काय, हा प्रश्न.

मग ठाकोरभाईंनी झोपाळ्यावर बसून खरी गोष्ट सांगितली. मुलगा कंटाळलाय. मागच्या महिन्यात तापीच्या पुलावर मोटर निम्म्यात उकळली, मागे बसची रांग लागली, लोकांनी व्हिडिओ काढले. मुलाने जुन्या जीपचं डिझेल इंजिन बघून ठेवलंय. या रविवारी नवसारीहून फोई येणार, म्हणजे मुलाची आत्या, त्यांना घेऊन सगळे डुमसला, समुद्रावर निघणार. मोटर भरल्या माणसांनी टॉप गिअरमध्ये पूल चढली तर ठीक. नाही चढली तर सोमवारी क्रेन येणार, सहा सिलिंडर भंगारात आणि त्याच्या जागी ते डिझेल. एवढं सांगून म्हाताऱ्याने विचारलं, "भिकनभाई, चढहे के नी चढे?"

चढेल की नाही चढणार. भिकनने इंजिन आजवर कधी चालवलं नव्हतं, पूल तर लांबच. आणि तोंडातून निघून गेलं की चढेल. त्या दिवशी होता मंगळवार.

बुधवारी हेड उतरवलं. टेम्पोत घालून लिंबायतला आणलं, चार जणांनी उचललं, सगळी गल्ली बघायला. भिकनने ते पुसून कोरडं केलं, घासलेट फासलं, परत पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरवली. बिडाला चीर असेल तर आत शिरलेलं घासलेट हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीत काळी रेघ उमटते. उमटली. एक नाही, तीन. आणि त्यातली एक कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी वेल्डिंग मारून झाकलेली. म्हणजे हे हेड गेलं, ओम शांती. दुसरं शोधायला पाहिजे आणि त्यासाठी आधी हे कुठलं, ते कळायला पाहिजे.

प्रत्येक हेडवर ओततानाच नंबर उठवलेला असतो. याच्यावर सत्तर वर्षांचा रंग आणि गंज. वायर ब्रशने घासून घासून भिकनचे खांदे गेले. तरी शेवटचे आकडे दिसेनात, मग शेजारच्या योगराजकडून आयग्लास आणली. योगराज हिरे घासतो, त्याचं ते डोळ्यात धरायचं छोटं भिंग. ज्यातून लाखाचे हिरे बघतात त्यातून भिकन गंज बघत होता आणि योगराज सारखा म्हणत होता, भिंगाला ग्रीस लावू नको रे बाबा. मग भिकनने नंबरावर कागद ठेवून कानावरच्या पेन्सिलीने वरून हलकं घासलं, पोरं नाण्यावर करतात तसं, आणि कागदावर नंबर उमटला. शेवटी अडतीस.

भिकनची मुलगी हर्षदा बीएस्सीला आहे, केमिस्ट्री. तिने तो कागद बघून मोबाईलवर शोधायला सुरुवात केली आणि दोन तास त्यातच रमली. तिकडे अमेरिकेत म्हातारे लोक दिवसरात्र याच गप्पा मारतात, कुठलं हेड कुठल्या साली, कुणाचे खळगे केवढे, कुणाचे व्हॉल्व मोठे. मग ती ओरडत बाहेर आली की पप्पा, याच इंजिनाचं आणखी एक हेड असतं, शेवटी अठ्ठेचाळीसवालं. खळगे लहान, म्हणजे वाफ जास्त दाबली जाते, म्हणजे जोर जास्त. वाफ आत घ्यायचे व्हॉल्व, म्हणजे झडपा, त्यापण मोठ्या. लोक शोधत फिरतात त्याच्यासाठी, जीव टाकतात.

भिकनने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. जे होतं तेच बसवायचं. त्याच्या हिशोबाने रविवार एकच होता आणि दुसऱ्याच्या इंजिनावर प्रयोग करायची ही वेळ नव्हती. मोठ्या व्हॉल्वचं हेड बसवलं आणि व्हॉल्व खाली येऊन पिस्टनला, म्हणजे पातेल्यात वरखाली होणाऱ्या दट्ट्याला ठोकला, तर डिझेल यायच्या आधी इंजिन आपल्याच हाताने मेलं. मग तोंड कुणाला दाखवायचं?

कडोदऱ्याला छीबुभाईंचा भंगारवाडा आहे. जुन्या ट्रकची, जुन्या मोटरींची इंजिनं डोंगरासारखी रचलेली. छीबुभाईंकडे बटणाचा फोन, फोटो जात नाही. भिकनने फोन लावला. इकडे मागच्या भिंतीपलीकडे लूम चालू, खटॅक खटॅक, तिकडे हायवेचे ट्रक. सगळं बोलणं गुजरातीत झालं, कुठली मोटर, कुठलं साल, किती बोल्ट. आणि शेवटी भिकन दोनदा ठासून म्हणाला, छेल्ला आंकडा, म्हणजे शेवटचे आकडे, अडतीस, अडतीस. छीबुभाई म्हणाले, आहे, एकच आहे, शुक्रवारी टेम्पोत टाकतो. भिकन इतका खूश झाला की फोन ठेवून त्याने जोराची शिट्टी मारली, समोरच्या बाईने वळून बघितलं.

शुक्रवारी टेम्पो आला. भिकनने ब्रश मारला, कागद ठेवला, पेन्सिल घासली. अठ्ठेचाळीस.

त्याने कागद फिरवून बघितला. परत घासला. मग फोन. आणि पुढची दहा मिनिटं जे काही झालं ते गल्लीने फुकटात बघितलं. भिकन म्हणतोय मी अडतीस मागवलं, छीबुभाई म्हणतायत हो, तेच पाठवलं, अडतालीस. भिकन म्हणतोय अडतालीस नाही हो, अडतीस. छीबुभाई म्हणतायत तेच ना, अडतालीस. दोघंही एकच शब्द बोलतायत असं दोघांनाही वाटतंय आणि दोघंही तापतायत. शेवटी हर्षदाने फोन ओढून घेतला. तिला हसू आवरेना. गुजरातीत अडतीसला आडत्रीस म्हणतात आणि अठ्ठेचाळीसला अडतालीस. तिच्या बापाने सगळी गुजराती बोलून आकडा मराठीत टाकला होता आणि लूमच्या खटखटीत छीबुभाईंच्या कानाने त्याला आपल्या ओळखीचा करून घेतला होता. हर्षदाने आडत्रीस म्हटलं. मग छीबुभाई म्हणाले, "ते पेल्ले थी गुजराती बोलवानु ने बेन."

म्हणजे आधीच गुजरातीत बोलायचं होतं. आणि अडतीसवालं हेड? नव्हतंच त्यांच्याकडे, कधीच नव्हतं.

भिकन स्टुलावर बसला. परवा रविवार. समोर नको असलेलं हेड, ज्याच्यासाठी अमेरिकेत लोक जीव टाकतात. हर्षदा नाचायची बाकी होती आणि हा म्हणत होता, बसवू का नको, बसवू का नको. शेवटी त्याने जुन्या हेडचं पॅकिंग आणून नव्यावर पसरलं. पातेली आणि झाकण यांच्यामध्ये जी पातळ चकती बसते ती. बोल्टची भोकं जुळली. पाण्याची भोकं जुळली. एकूणएक. आता मात्र तोही कानावरची पेन्सिल काढून कामाला लागला.

खळगे मोजायचे होते. हेड उताणं केलं, खळग्यावर ग्रीस लावून प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चिकटवला, त्याला छोटं भोक, आणि हर्षदा मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने त्यातून घासलेट सोडत बसली. कॉलेजात टायट्रेशन करून करून तिचा हात एकदम पक्का, थेंब थेंब. जुन्या हेडच्या खळग्यात एकशे बारा मिली मावलं, नव्याच्यात चौऱ्याण्णव. बारा खळगे मोजले तिने, सहा जुने सहा नवे, आणि नव्यातला एकपण दुसऱ्यापेक्षा एक मिलीने वेगळा नाही. तडा बघितला, नाही. खडूची पूड पांढरीच राहिली. भिकनने ते हेड फेस केलं, म्हणजे मशीनवर पृष्ठभाग आरशासारखा सपाट केला, आणि बाराच्या बारा व्हॉल्व हाताने पेस्ट लावून घासले. शुक्रवार त्यातच गेला.

शनिवारी सकाळी सगळं अडाजणला न्यायचं आणि तिथे शेवटचा प्रश्न सोडवायचा. व्हॉल्व पिस्टनला ठोकेल का? आत बघता येत नाही, झाकण लावल्यावर कसं बघणार? तर त्याला एक युक्ती माहीत होती, लूमखात्यातल्या एका फिटरची. पिस्टनवर मऊ गोळा ठेवायचा, हेड बसवायचं, इंजिन हाताने फिरवायचं, हेड काढायचं आणि दबलेला गोळा कापून जाडी मोजायची. जेवढी जाडी तेवढी जागा. निघताना तो स्वयंपाकघरात गेला. सरलाबाई, त्याची बायको, कळण्याच्या भाकरी थापत होती.

"थोडी कणिक दे वं."

"कसाले?"

"इंजिनमा ठेवनी शे."

सरलाबाईने तव्यावरची भाकरी उलटली, नवऱ्याकडे वर खाली बघितलं आणि म्हणाली, "आते इंजिनबी पोया खास का?"

म्हणजे आता इंजिनपण पोळ्या खातं का. पण दिलं. फक्त समोर होतं ते कळण्याचं पीठच दिलं, ज्वारी आणि उडदाचं. अडाजणला पोचून भिकनने त्याचे गोळे ठेवले, बोल्ट आवळले, फिरवलं, बोल्ट काढले, चार जणांनी हेड उचललं आणि बघतात तर गोळ्यांचा नुसता भुगा. भाकरीचं पीठ ते, त्याला चिवटपणा कुठून येणार. हर्षदाने घरी फोन केला तर पलीकडून सरलाबाई दोन मिनिटं नुसती हसतच होती. मग म्हणाली की गव्हाची पाहिजे, तेल लावून, आणि दहा मिनिटं मुरू द्या. शेवटी ठाकोरभाईंच्या स्वयंपाकघरातून रोटलीची कणिक आली, मऊसूत, सुरती हाताची. परत बोल्ट, परत फिरवणं, परत उचलणं.

भिकनने ब्लेडने गोळा कापला. पहिला, तीन मिलिमीटर. दुसरा, तीन. तिसरा, चौथा, पाचवा, तीन. सहावा एक.

एक म्हणजे ठोकणार. गरम झाल्यावर नक्की. ठाकोरभाईंचा झोपाळा थांबला. भिकन त्या सहाव्या पिस्टनकडे बघत बसला, मग वर व्हॉल्वला ढकलणाऱ्या टॅपेटकडे गेला, बोटाने हलवलं. हलेना. बाकी अकरा जरा खुळखुळत होते, हा एकटा गच्च. घाईत त्याचा स्क्रू जास्त आवळला गेला होता, म्हणून व्हॉल्व गरजेपेक्षा खाली येत होता. स्क्रू सैल केला, नवा गोळा, तिसऱ्यांदा सगळं. कापला. तीन.

हर्षदा शेडमध्येच उड्या मारायला लागली. भिकनने ती कणकेची चकती हातात धरली आणि हसायला लागला, आणि हसता हसता लक्षात आलं की अजून एक गोष्ट राहिलीय. ठाकोरभाईंना सांगितलंच नव्हतं की हे हेड मोटरचं मूळचं नाही. अशी जुनी मोटर ठेवणाऱ्यांना मूळ नंबराचं भारी वेड असतं, आणि ते नाही म्हणाले तर संपलंच. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं, अडतीस, अडतालीस, सगळं. ठाकोरभाईंनी ऐकलं, तोंडात बोट घालून वरची कवळी काढली, त्याला दाखवली आणि परत बसवली. म्हणाले, "आ बी मूळनी नथी. पण चावे छे ने?"

चालू झालं तेव्हा चार वाजले होते. वाफ जास्त दाबली जात असल्यामुळे आधी जरा ठोकायला लागलं, आतून टिक टिक टिक, तर भिकनने उजवा कान लावून ठिणगीची वेळ केसभर मागे घेतली. टिक टिक थांबली. मग राहिला तो फक्त झोपाळा. पण आता झोपाळ्यावर कुणीतरी तरणंबांड बसलं होतं.

रविवारी मोटरमध्ये माणसं किती? मुलगा गाडी चालवायला, शेजारी ठाकोरभाई आणि नातू. मागे सून, नवसारीच्या फोई ज्या एकट्या दोघांच्या जागेत बसतात, आणि दारात चेपून भिकन. त्याला यायचंच नव्हतं, ठाकोरभाईंनी ओढून बसवलं. हर्षदा स्कूटरवर मागे. मुलाचा चेहरा असा की हे एकदाचं होऊन जाऊ दे, उद्या क्रेनवाला येणारच आहे.

पूल आला. मुलाने टॉप गिअर टाकला. चढ सुरू झाला आणि भिकनने उजवा कान इंजिनाकडे केला. चढाचा पहिला भाग गेला. निम्मा आला. जिथे मागच्या वेळी उकळली होती तो खांब आला, आणि मुलाचा हात सवयीने गिअरच्या दांड्याकडे गेला, खाली टाकायला. ठाकोरभाईंनी त्या हातावर आपला तळहात ठेवला. नुसता ठेवला. मुलाने वडिलांकडे बघितलं, मग पाय दाबला. आणि मोटर, म्हणजे खरंच, चढावर वेग घ्यायला लागली. फोईंचं डोकं मागे गेलं. डावीकडची बस मागे पडली. बाजूची रिक्षा मागे पडली. सहाच्या सहा सिलिंडर एका सुरात, मध्ये कुठे फट नाही, आणि भिकनच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. झाकण लावल्यावर पुढे काय होतं, ते बावीस वर्षांत पहिल्यांदा तो बघत होता, आणि नुसतं बघत नव्हता, आत बसला होता.

पूल उतरला. पुढच्या चौकात डुमसला सरळ जायचं तर मुलाने मोटर वळवली आणि परत पुलावर घेतली. परत टॉप गिअर. परत चढली. पलीकडे उतरून परत वळवली. तिसऱ्या वेळी एका बाजूला थांबवून त्याने फोन काढला आणि तिथेच सगळ्यांसमोर डिझेलवाल्याला सांगितलं की ते इंजिन दुसऱ्या कुणाला देऊन टाका, आणि क्रेन नको. नातवाने टाळ्या वाजवल्या. ठाकोरभाई खिडकीबाहेर बघत होते, त्यांना नाक पुसायचं होतं.

फोन खिशात ठेवला आणि मुलाने पुन्हा मोटर पुलाकडेच वळवली. फोईंनी मांडीवरचा खमणचा डबा घट्ट धरला आणि विचारलं, डुमसला जायचंय की आज पुलावरच जेवायचंय?

"बस एक वार, फोई," मुलगा म्हणाला.

मागून भिकन म्हणाला, "दोनदा जाऊ द्या." आणि हे त्याने मराठीतच म्हटलं, पण मुलाला बरोबर कळलं.